पाचवा पर्याय छापा

कॉम्प्युटर फोरेन्सिक्सच्या प्रमाणपत्र परीक्षांमध्ये वेब सर्व्हरच्या लॉगवर ज्या पद्धतीने प्रश्न विचारले जातात, त्यातून तपासाची वाट लागते आहे. लॉगची एक ओळ द्यायची, खाली चार हल्ल्यांची नावं द्यायची, बरोबर नावापुढे खूण करणाऱ्याला गुण द्यायचे. ओळीत ‘युनियन सिलेक्ट’ दिसलं की एसक्यूएल इंजेक्शन, टिंब-टिंब-तिरकी रेघ दिसली की डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल, ‘स्क्रिप्ट’ दिसलं की क्रॉस साइट स्क्रिप्टिंग. एवढं घोकलं की लॉगचा धडा संपला. हाच पास झालेला माणूस पुढे कंपनीत तपासाला बसतो, वकिलाचा तज्ज्ञ म्हणून उभा राहतो, पोलिसांना अहवाल लिहून देतो, आणि परीक्षेने शिकवलेलंच करत राहतो. ओळ बघतो, हल्ल्याचं नाव सांगतो, आयपीवरून माणूस दाखवतो.

मी याच धंद्यात आहे. लॉग वाचून अहवाल लिहिते आणि हे काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना शिकवते. त्यांची बुद्धी कमी नसते, मेहनतीची तयारी असते, क्लासची फी भरताना घरच्यांनी पोटाला चिमटा काढलेला असतो. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्यांना खात्रीची सवय लावणाऱ्यांवर. चारपैकी एक उत्तर बरोबर असणारच, या भरवशावर जो वर्षभर अभ्यास करतो, त्याला ‘या ओळीवरून काही सांगता येत नाही’ असं म्हणायचं सुचतच नाही. आणि लॉग वाचताना बहुतेक वेळा खरं उत्तर तेच असतं.

सीएचएफआय या सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्या परीक्षेत १५० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि वेळ चार तास. प्रश्नाला सरासरी ९६ सेकंद. हल्ला करून आत शिरण्याची परीक्षा, म्हणजे ओएससीपी, २३ तास ४५ मिनिटं प्रत्यक्ष यंत्रांवर चालते आणि त्यानंतर अहवाल लिहायला आणखी एक दिवस देतात. शिरकाव करणाऱ्याकडून दिवसभर काम करून घ्यायचं आणि शिरकावाचा माग काढणाऱ्याने दीड मिनिटात चौकोनावर खूण करायची, ही विभागणी उलटी आहे. चुकीचा हल्ला फसतो, तिथे कुणाचं काही जात नाही. चुकीचा तपास माणसाच्या आयुष्यावर येतो.

अपाचीचा लॉग घ्या. कॉमन लॉग फॉरमॅट म्हणतात त्या मांडणीत सात गोष्टी असतात: समोरचा आयपी, आयडेंट, वापरकर्त्याचं नाव, वेळ, मागणी, सर्व्हरने दिलेला स्टेटस कोड आणि उत्तराचा आकार बाइटमध्ये. कम्बाइंड म्हटलं की त्यात रेफरर आणि यूजर एजंट यांची भर पडते. हे सगळे क्लास शिकवतात, सगळी गाइडं छापतात. पण या प्रत्येक खान्यावर किती विश्वास टाकायचा, हे कुणी शिकवत नाही. यूजर एजंट आणि रेफरर ही समोरच्याने स्वतःबद्दल दिलेली माहिती आहे, त्याला वाटेल ते तो लिहू शकतो. आयडेंट खात्रीचा नाही असं अपाचीच्या कागदपत्रांतच बजावलेलं आहे. वापरकर्त्याच्या नावाच्या जागी आडवी रेघ दिसली की ‘कुणीही लॉगइन केलेलं नव्हतं’ असं मुलं बेधडक लिहितात. त्या खान्यात फक्त सर्व्हरने स्वतः पासवर्ड विचारला असेल तर नाव येतं. आजच्या जवळजवळ सगळ्या साइटांवर लॉगइन ॲप्लिकेशनमधून होतं, त्यामुळे ॲडमिन आत बसून काम करत असला तरी तिथे रेघच उमटते. उलट, तिथे नाव आहे पण स्टेटस ४०१ असेल, तर त्या नावावर भरवसा ठेवू नये हेही त्याच कागदपत्रांत लिहिलेलं आहे, कारण त्या माणसाची ओळख अजून पटलेलीच नसते. मूळ कागदपत्रं फुकट वाचायला मिळतात. क्लासवाले ती वाचत नाहीत आणि मुलांना वाचायला लावत नाहीत. ते डम्प्स वाटतात, म्हणजे जुने प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

त्या डम्प्समध्ये आजही २००१ सालचा कोड रेड फिरतो आहे. त्या वर्षीच्या जुलैत चौदा तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक यंत्रांना या किड्याने ग्रासलं होतं, त्याचा इतिहास शिकवावा, माझी हरकत नाही. त्याची खूण म्हणजे ‘डिफॉल्ट.आयडीए’ या फाइलची मागणी आणि पुढे ‘एन’ अक्षराची लांबच लांब रांग. पण हा किडा मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरसाठी होता. त्या काळात तीच ओळ अपाचीच्या लॉगमध्येही धो धो पडत होती आणि अपाचीला तिने काडीचाही धक्का लागत नव्हता. म्हणजे एकच ओळ एका यंत्रावर शिरकावाची खूण आणि दुसऱ्यावर नुसता कचरा. मग ती ओळ कुठल्या सर्व्हरची, त्यावर कुठला पॅच होता, हे न सांगता ‘या ओळीवरून काय निष्कर्ष निघतो’ हा प्रश्न विचारण्यातच खोट आहे. खोटा प्रश्न, खोटं उत्तर आणि त्यावर खरं सर्टिफिकेट.

आता चार ओळी प्रत्यक्ष बघू. आयपी आणि वेळ बाजूला ठेवते, कारण चारही ओळी एकाच आयपीवरून एका मिनिटाच्या आत आलेल्या आहेत असं समजा. राहतात ती मागणी, स्टेटस आणि आकार.

/नोटीस.पीएचपी?आयडी=१२ — २०० — ८४१२
/नोटीस.पीएचपी?आयडी=१२%२७ — ५०० — ६१२
/नोटीस.पीएचपी?आयडी=१२ अँड १=१ — २०० — ८४१२
/नोटीस.पीएचपी?आयडी=१२ अँड १=२ — २०० — ३१९०

वाचायला सोपं जावं म्हणून तिसऱ्या-चौथ्या ओळीतल्या मोकळ्या जागा मी उलगडून दिल्या आहेत. खऱ्या लॉगमध्ये तिथे टक्क्याची खूण आणि २० दिसेल. दुसऱ्या ओळीतला टक्का-२७ म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह. पहिली ओळ साधी आहे, कुणीतरी बारा नंबरची नोटीस उघडली. दुसरीत त्याने नंबरच्या शेवटी अवतरणचिन्ह जोडलं आणि सर्व्हर कोलमडला, ५००. परीक्षार्थी इथेच ‘इंजेक्शन’वर खूण करून पुढे जातो. पण ५०० एवढंच सांगतो की काहीतरी बिनसलं. खरा पुरावा तिसरी आणि चौथी ओळ शेजारी ठेवल्यावर मिळतो. दोन्हींचा स्टेटस २००. पण एक बरोबर एक ही खरी अट घातली तेव्हा उत्तर आलं पहिल्या ओळीएवढंच, ८४१२ बाइट. एक बरोबर दोन ही खोटी अट घातली तेव्हा उत्तर आकसून ३१९० वर आलं. याचा अर्थ, बाहेरून आलेली अट डेटाबेसपर्यंत पोचली आणि डेटाबेसने तिचा विचार करून उत्तर दिलं. दार उघडं आहे हे इथे कळतं.

यापुढे त्या लॉगमध्ये शेकडो, कधी हजारो ओळी अशा दिसतील की ज्यांचा आकार एकतर ८४१२ किंवा ३१९०, तिसरा नाहीच. समोरचा माणूस, किंवा त्याने लावलेलं हत्यार, डेटाबेसला हो-नाहीचे प्रश्न विचारतो आहे. पासवर्डचं पहिलं अक्षर ‘एम’च्या पुढचं आहे का? नाही. ‘जी’च्या पुढचं आहे का? हो. असं करत एकेक अक्षर बाहेर काढायचं. ज्याला हे वाचता येतं तो प्रश्न आणि आकार यांच्या जोड्या लावून नेमका कुठला तक्ता, कुठल्या ओळी, कुठली अक्षरं बाहेर गेली हे मागाहून मांडू शकतो. बँकेला आपल्या ग्राहकांना काय सांगायचं हे त्यावर ठरतं. एवढी श्रीमंत साक्ष त्या फाइलीत पडलेली असते आणि त्यात ‘युनियन’ हा शब्द एकदाही आलेला नसतो. घोकून आलेला उमेदवार ती फाइल चाळतो, ओळखीचा शब्द दिसत नाही, सगळे २०० बघतो आणि ‘संशयास्पद काही आढळलं नाही’ असं लिहून मोकळा होतो. मुलाखतीत मी हीच फाइल पुढे ठेवते आणि हेच वाक्य मला वारंवार ऐकायला मिळतं. सर्टिफिकेटवर ‘अन्वेषक’ म्हणून छापलेलं असतं.

२०० म्हणजे हल्ला यशस्वी आणि ४०४ म्हणजे फसला, ही आणखी एक घोकंपट्टी. साध्या लॉगइन पानाचं उदाहरण घ्या. पासवर्ड चुकला की बरीच ॲप्लिकेशनं तेच पान ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणून परत दाखवतात आणि त्याचा स्टेटस असतो २००. पासवर्ड बरोबर ठरला की आतल्या पानावर पाठवतात आणि त्याचा स्टेटस असतो ३०२. रात्रभर पासवर्ड मारून बघणाऱ्याच्या शेकडो ओळी २०० असतील आणि मध्येच एक ३०२ असेल, तर घर फुटलं ते त्या एका ३०२ वर. २०० मोजणारा शेकडो घुसखोऱ्या झाल्याचा अहवाल देईल आणि खरी एकमेव घुसखोरी ‘पान हलवलं आहे’ म्हणून सोडून देईल. शिवाय हा सगळा व्यवहार पोस्टने होतो आणि पोस्टमधून काय पाठवलं हे नेहमीच्या लॉगमध्ये लिहिलंच जात नाही. अपलोडच्या फोल्डरमधल्या एखाद्या पीएचपी फाइलला पोस्ट, उत्तर २००, एवढ्यावर ‘अमुक कमांड चालवली’ असं लिहिणारे अहवाल मी वाचले आहेत. ती कमांड त्या ओळीत नव्हती, लिहिणाऱ्याच्या डोक्यात होती.

आणि डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरशेल कुणी विसरू नये. त्या दोषात गंमत, खरं तर भीती, ही होती की घातक मजकूर लॉगमध्ये नोंदवला जात असतानाच आपलं काम करायचा. मजकूर यूजर एजंटमध्ये घाला, पत्त्यात घाला, लॉगइनच्या नावात घाला. जावाचं लॉगफोरजे त्याची नोंद करायला गेलं की ते बाहेरच्या यंत्राला हाक मारणार आणि तिथून आलेला कोड चालवणार. मागितलेलं पान अस्तित्वात नसलं, सर्व्हरने ४०४ दिला, तरी यंत्र हातचं गेलेलं असू शकत होतं. ४०४ म्हणजे फसलेला हल्ला, असं पाठ केलेल्या माणसाला त्या महिन्यात तपासाला बसवलं असेल तर त्याने काय काय निसटू दिलं असेल, याचा विचार करा. त्या प्रकरणात खरं उत्तर फायरवॉलच्या आणि डीएनएसच्या नोंदींत होतं, म्हणजे यंत्राने त्यानंतर बाहेर कुणाशी संपर्क केला त्यात. वेब सर्व्हरचा लॉग हा एका साक्षीदाराचा जबाब आहे. दुसरा साक्षीदार न तपासता निकाल लिहिणं हा अडाणीपणा आहे, मग प्रमाणपत्र कुठल्याही देशाचं असो.

वेळेबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण तिथे माणसं भरडली जातात.

आयआयएसचा नेहमीचा लॉग यूटीसीत लिहिला जातो. म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. फाइलच्या डोक्यावर तारीख असते, खान्यांची नावं असतात, पण ही वेळ कुठल्या घड्याळाची ते स्पष्ट लिहिलेलं नसतं. फाइल बदलते तीही यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. पंधरा तारखेच्या रात्री दोन वाजताची घटना चौदा तारखेच्या फाइलमध्ये सापडते. ‘पंधरा तारखेचा लॉग द्या’ असं पत्र पाठवणाऱ्याला नेमकी तीच ओळ मिळत नाही, आणि लॉगमध्ये काही नाही असा शेरा मारून तो मोकळा होतो.

एका सहकारी पतसंस्थेचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा पहिला अहवाल आधीच लिहून झालेला होता. संस्थेच्याच आयपीवरून ४ वाजून ५० मिनिटांनी खातेदारांची यादी उतरवून घेतल्याची ओळ होती. अहवाल लिहिणाऱ्याने ती पहाटेची वेळ धरली. पहाटे पाचच्या आत इमारतीत कोण असतं? वॉचमन. त्या वयस्क माणसाला लागोपाठ दोन दिवस बसवून विचारलं, ‘चावी कुणाला दिलीस?’ मी लॉग उघडला तेव्हा त्यात रोजची वर्दळ साडेचारच्या सुमारास सुरू होत होती आणि साडेबाराला थांबत होती, रविवारी शुकशुकाट. साडेपाच तास मिळवा: सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. संस्थेची कामाची वेळ. यादी उतरली होती सकाळी १० वाजून २० मिनिटांनी, सगळा स्टाफ टेबलांवर बसलेला असताना. आणि सगळी टेबलं एकाच राउटरच्या मागे असल्यामुळे त्या आयपीवरून माणूस ओळखणं शक्यच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. त्या वॉचमनची कुणी माफी मागितली नाही. अहवाल लिहिणाऱ्याचं सर्टिफिकेट शाबूत आहे.

याहून मोठी किंमत मोजलेला माणूस महाराष्ट्राच्या पोलिसांनी पाहिलेला आहे. २००७ मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी आयपीवरून माग काढला आणि बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला उचलून आणलं. तो ५० दिवस येरवड्यात होता. नंतर कळलं की इंटरनेट कंपनीने त्या आयपीपुढे चुकीच्या ग्राहकाचं नाव दिलं होतं, त्या वेळी तो पत्ता या माणसाकडे नव्हताच. मजकुराने लोकांचा संताप होणं साहजिक होतं. म्हणूनच तपासाला जास्त काटेकोर व्हायला हवं होतं, कारण लोक चिडलेले असताना चुकीच्या माणसाच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही. फोरेन्सिक्सच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी हे प्रकरण शिकवलं पाहिजे. मला भेटलेल्या बहुतेक सर्टिफिकेटधारकांनी ते ऐकलेलं नसतं.

तेव्हापासून आयपीवरून माणूस ओळखणं सोपं झालं असेल असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी एकाच क्षणी अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यांच्यातला नेमका कोण हे ओळखायचं तर आयपीबरोबर सोर्स पोर्ट आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. सर्व्हरवाल्यांनी पोर्टची नोंद ठेवावी अशी शिफारस आरएफसी ६३०२ मध्ये २०११ सालीच झाली. अपाचीच्या नेहमीच्या कम्बाइंड लॉगमध्ये आजही पोर्ट नसतो, तो मुद्दाम मागून घ्यावा लागतो. त्यात साइट सीडीएनच्या किंवा लोड बॅलन्सरच्या मागे असेल तर लॉगमध्ये पाहुण्याचा आयपी न येता त्या मधल्या यंत्राचा येतो, आणि खरा पत्ता ज्या एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये असतो तो हेडर समोरच्याला बनावट पाठवता येतो. हे सगळं माहीत असलेला माणूस ‘हल्लेखोराचा आयपी कोणता?’ या प्रश्नाला चार पर्यायांतून उत्तर देऊच शकत नाही. परीक्षेत मात्र तो प्रश्न येतो, आणि ओळीच्या सुरुवातीचा आकडा लिहिला की गुण मिळतो.

कायद्याने आता या मंडळींच्या हातात अधिक बळ दिलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर जे प्रमाणपत्र जोडायचं, त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते आणि नोंदीचा हॅश लिहावा लागतो. चांगली सुधारणा आहे. पण हॅशने एवढंच ठरतं की फाइल तीच आहे, मध्ये कुणी ध चा मा केलेला नाही. त्या फाइलचा अर्थ तज्ज्ञाने बरोबर लावला की नाही, याच्याशी हॅशचा काही संबंध नाही. न्यायाधीशांपुढे मात्र दोन्ही गोष्टी एकाच गठ्ठ्यात येतात आणि लांबलचक हॅश बघून अर्थही पक्का वाटू लागतो.

आपल्या राज्याने घड्याळाचं महत्त्व कोर्टात पाहिलेलं आहे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातली कॅमेऱ्यांची चित्रणं पुरावा म्हणून आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अपील फेटाळताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राबद्दलचा आजही दाखला दिला जाणारा निकाल दिला. त्या निकालातला प्रमाणपत्राचा नियम सगळ्या क्लासांत घोकून घेतला जातो. त्या खटल्याचा गाभा घड्याळाचा काटा होता, तो मात्र कुणाच्या नोट्समध्ये नसतो.

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं, घड्याळं राष्ट्रीय वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं. याची अंमलबजावणी बघायची असेल तर कुठल्याही मध्यम आकाराच्या संस्थेचा सर्व्हर उघडा. लॉग फिरवणारी व्यवस्था जशी आली तशीच असते, चार आठवडे किंवा चौदा दिवस झाले की जुनी फाइल पुसली जाते. तक्रार नोंदवून पत्र पोचेपर्यंत साक्षीदार गेलेला असतो. हा दोष परीक्षेचा नाही, मान्य. पण ‘घटना कळल्यावर पहिल्या तासात काय कराल’ या प्रश्नाला ‘लॉग फिरवणं थांबवून प्रत काढेन, यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून घेईन’ असं उत्तर देणारा उमेदवार मला क्वचित भेटतो. हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

यावर मला ऐकवलं जातं की हजारो लोकांची परीक्षा घ्यायची तर पेपर यंत्रानेच तपासावा लागतो, आणि पायाभूत गोष्टी पाठ असल्याच पाहिजेत. पाठ असल्या पाहिजेतच. टक्का-३सी म्हणजे कोनी कंस, टक्का-२ई म्हणजे टिंब, टक्का-२५२ई आलं तर कुणीतरी दोनदा सांकेतिक करून गाळणी चुकवायला बघतोय, हे ज्याला बघताक्षणी कळत नाही त्याने लॉगला हात लावू नये. पण यंत्राने तपासता येईल असा चांगला प्रश्न काढणं अवघड आहे, ही सबब मला पटत नाही. एका ओळीऐवजी पन्नास ओळी द्या. सर्व्हर कुठला, घड्याळ कुठलं, मध्ये प्रॉक्सी आहे का, ते सांगा किंवा मुद्दाम लपवा. आणि प्रत्येक प्रश्नाखाली पाचवा पर्याय छापा: ‘दिलेल्या नोंदीवरून हे ठरवता येत नाही.’ हा पर्याय जिथे बरोबर आहे तिथे इतर कुठल्याही उत्तराला गुण कापा. याला ना जास्तीचं यंत्र लागतं, ना जास्तीचा परीक्षक. लागते ती प्रश्न काढणाऱ्याची स्वतःची लॉग वाचण्याची लायकी, आणि अडचण तिथेच आहे.

क्लासचालकांना माझं सांगणं सरळ आहे. डम्प्स वाटून पास करणं हा शिकवण्याचा धंदा नव्हे, ही फसवणूक आहे, आणि तिची झळ तुमच्या विद्यार्थ्यापेक्षा त्याने बोट दाखवलेल्या माणसाला जास्त बसते. नोकरी देणाऱ्या कंपन्यांनी सर्टिफिकेट बघून भरती करणं थांबवावं, उमेदवाराला एका दिवसाचा खरा लॉग द्यावा आणि अर्धा दिवस एकटं सोडावं. पोलिसांनी आणि सरकारी वकिलांनी कुठलाही अहवाल हातात घेताच दोन गोष्टी विचाराव्यात: यातली वेळ कुठल्या घड्याळाची आहे आणि हा आयपी एकाच माणसाचा होता हे कशावरून?

तुम्ही यंदा अशा परीक्षेला बसत असाल तर त्याआधी घरातला जुना संगणक काढा, त्यावर अपाची बसवा, एक साधं लॉगइन पान करा आणि चुकीचा पासवर्ड टाकत स्वतःच्याच नोंदी बघत बसा. आयआयएसचा लॉग आपल्या घड्याळाशी ताडून बघा. परीक्षा पास व्हा, सर्टिफिकेट घ्या, नोकरी मिळवा. पण ज्या अहवालात मूळ फाइल नाही, घड्याळाचा फरक नोंदलेला नाही आणि आयपीबरोबर पोर्ट नाही, त्यात कुणाही माणसाचं नाव घातलेलं असेल तर त्यावर सही करू नका.